नकाशा रंगवून झाल्यावर ग्रामसभेला काय विचारता?

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि पालघर जिल्ह्यातल्या जमिनीचा जुना वाद नव्याने पेटला. या वादात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ७६ हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पामागे रस्ते, रेल्वे, गोदामे, वसाहती येणारच. पाड्यापाड्याला विचारत बसलो तर देश पुढे जायचा कसा? दुसरा म्हणतो, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासीबहुल प्रदेशात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, ग्रामसभा सर्वोच्च आहे, तिने नाही म्हटले की विषय संपला. दोघांचे भांडण एकाच मुद्द्यावर आहे: ग्रामसभेला नकाराधिकार आहे की नाही. माझ्या मते हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. होकार-नकार देण्याची वेळ येईपर्यंत जमिनीचे भवितव्य ठरून गेलेले असते. ते ठरते प्रादेशिक योजनेच्या आणि विकास आराखड्याच्या नकाशावर, आणि तो नकाशा काढला जातो त्या बैठकीत ग्रामसभेला खुर्चीच नसते. म्हणून माझी भूमिका अशी की, अनुसूचित क्षेत्रातला जमीनवापराचा प्रत्येक आराखडा नियोजन प्राधिकरण आणि त्या भागातल्या ग्रामसभा यांनी मिळून, बरोबरीच्या हक्काने तयार केला पाहिजे, आणि हे कायद्याने बंधनकारक हवे. जनसुनावणीने किंवा हरकती-सूचनांच्या नोटिशीने ही गरज भागत नाही.

ग्रामसभेला इतके महत्त्व का, हे आधी पाहिले पाहिजे. पंचायतराजला घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली तेव्हा अनुसूचित क्षेत्रे मुद्दाम तिच्याबाहेर ठेवली होती. तिथे कशा प्रकारचे स्वराज्य असावे हे ठरवण्यासाठी दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून डिसेंबर १९९६ मध्ये पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांत नेणारा पेसा कायदा आला. त्याने वाडी-पाड्याला गाव मानण्याची सोय केली आणि अशा प्रत्येक गावाच्या सभेला आपली सामूहिक साधनसंपत्ती सांभाळण्याचा अधिकार दिला. जमिनीचे बेकायदा हस्तांतर रोखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणि योग्य स्तरावरच्या पंचायतीकडे सोपवला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. म्हणजे पेसा क्षेत्रातली ग्रामसभा ही शासनव्यवस्थेचाच एक स्तर आहे. दुसरीकडे जमिनीचे नियोजन चालते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमावर, आणि तो आहे १९६६चा, पेसाच्या तीस वर्षे आधीचा. हे दोन कायदे एकमेकांना ओळखत नाहीत. नगररचनेच्या प्रक्रियेत ग्रामसभेची जागा कुठे? मुदतीत अर्ज देणाऱ्या कोणाही माणसाइतकीच. आपल्या एका प्लॉटवरचे आरक्षण उठवा म्हणणारा बिल्डर आणि शेकडो हेक्टर जंगलाची राखण करणारी ग्रामसभा, दोघे एकाच रांगेत, एकाच नमुन्यातला कागद घेऊन उभे.

यावर अधिकारी वर्गाचे उत्तर तयार असते. आदिवासींच्या जमिनीला कवच आहेच की! महसूल संहितेच्या ३६अ कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही, आणि २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या ४१व्या कलमाने अनुसूचित क्षेत्रात संपादनापूर्वी ग्रामसभेची संमती सक्तीची केली आहे. दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. त्यांच्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या झगडले आहेत. पण त्या जाग्या होतात जमीन हातची जाण्याच्या क्षणी. शेती विभागाचा हिरवा रंग पुसून औद्योगिक किंवा रहिवासी रंग भरला, तर कायद्याच्या भाषेत कोणाचीही जमीन घेतली जात नाही, म्हणून संमतीही लागत नाही. परिणाम मात्र त्याच दिवशी सुरू होतात. भाव चढतात, दलाल फिरू लागतात, गायरानाकडे आणि गावाच्या वाटेकडे ‘मोकळी जागा’ म्हणून पाहिले जाऊ लागते. शिवाय महसूल संहितेत २०१४ नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे, आराखड्यात ज्या वापराचा रंग मिळाला त्या वापरासाठी वेगळी बिगरशेतीची (एनए) परवानगी काढण्याची गरज बऱ्याच अंशी उरलेली नाही. पूर्वी एकेका गटाची तपासणी होताना जे थांबण्याचे ठिकाण होते, तेही आता नकाशातच विरघळले आहे. इतके सगळे झाल्यावर ग्रामसभेपुढे संमतीचा ठराव ठेवणे म्हणजे लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे.

तलासरी, डहाणू, उंबरगावच्या पट्ट्याला हा अनुभव नवा नाही. १९४५ मध्ये याच भागातला वारली उठला तो वेठबिगारीविरुद्ध, पण त्याच्या मुळाशी जमीन होती. कर्जखत, मोजणी, नोंद यांतून कसणाऱ्याची जमीन सावकार-जमीनदारांच्या खाती गेली होती. ज्याच्या नांगराखाली जमीन होती त्याला कागद कधी तयार झाला, त्यात काय लिहिले, हे कळलेच नाही. आज अंगठ्याची जागा डिजिटल नकाशाने घेतली आहे. पण कागद तयार होताना शेजारी कोण बसले होते, हा प्रश्न तोच आहे.

उशिरा विचारण्याची किंमत उद्योगालाही मोजावी लागते, हे नियमगिरीच्या डोंगराइतके कोणी स्पष्ट दाखवलेले नाही. ओडिशात लांजीगडची ॲल्युमिना रिफायनरी २००७ मध्ये सुरू झाली. वरच्या डोंगरातले बॉक्साइट मिळणारच या हिशेबाने ती पायथ्याशी उभारली होती. डोंगर डोंगरिया कोंधांचा देव. त्यांना विधिवत विचारले गेले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३च्या निकालानंतर. राज्याने निवडलेल्या १२ गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. या घटनेकडे आदिवासींचा विजय म्हणून पाहिले जाते, आणि तो विजय होताच. पण नियोजनाच्या दृष्टीने पाहा: कारखाना आधी, डोंगराची विचारणा नंतर. हीच विचारणा कारखान्याची जागा ठरवताना झाली असती तर कोणाचे काय बिघडले असते? उशिराचा दोष ग्रामसभांना देणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. जमीनवापराचे काही निर्णय एका गावापुरते नसतातच. धरणाचा कालवा, विजेची वाहिनी, रुग्णालयाची जागा, पाणलोटाचे संरक्षण यांचा विचार दहा-वीस-पन्नास गावांचा मिळूनच करावा लागतो. प्रत्येक पाड्याने आपापला नकाशा काढला तर वरच्या पाड्याने अडवलेले पाणी खालच्या पाड्याला मिळणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. उलट मी असे म्हणेन की, ग्रामसभेच्या बाजूने बोलणारे अनेक जण हा मुद्दा टाळतात आणि त्यामुळेच त्यांचा युक्तिवाद शहरी वाचकाला हट्टी वाटतो. पण या अडचणीवर उत्तर गावांनीच शोधले आहे. गडचिरोलीत कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली; बांबू-तेंदूच्या व्यवहारापासून खाणींच्या प्रश्नापर्यंत अनेक गोष्टी ती तालुक्याच्या पातळीवर हाताळते. इलाखा हा तर तिथला जुनाच पारंपरिक घटक, अनेक गावांचा मिळून एक. म्हणजे गावापेक्षा मोठ्या पातळीवर बोलायला आदिवासींची बाजू तयार आहे. त्या पातळीवर तिच्याशी बोलणारी व्यवस्था नगररचनेच्या बाजूने कोणी बांधलेली नाही.

शिवाय गावाला नियोजन जमत नाही, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली, पण घोषणेइतकेच महत्त्वाचे आहे ते सहमतीने निर्णय घेण्याचे आणि अभ्यासगट चालवण्याचे तिथले शिस्तीचे काम. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा एक लक्षणीय तरतूद आली. ग्रामसभेच्या समितीने वनव्यवस्थापनाचा आराखडा करायचा, आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडून घेताना कोणते फेरबदल आवश्यक आहेत हे समितीने ठरवायचे. दोन सरकारे, एक जंगल, आणि दोन आराखडे जुळवण्याची लेखी पद्धत! ती सगळीकडे नीट पाळली जात नाही हे खरे. पण कायद्याला असे लिहिता येते, हे तिने सिद्ध केले आहे. जंगलाच्या बाबतीत जे लिहिता आले ते शेतजमीन, गायरान आणि गावठाणाच्या बाबतीत का लिहिता येऊ नये?

दुसरा आक्षेप ग्रामसभेच्या आतल्या कारभाराचा. सभा कागदावर होतात, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात, बायका मागे बसतात, चार जाणकार किंवा एखादा ठेकेदार सगळे ठरवतो. असे घडते आणि अनेक ठिकाणी घडते. ते झाकून ठेवणाऱ्याने ग्रामसभेचे भले केलेले नाही. पण हा दोष ग्रामसभेचा एकटीचा आहे का? नगरपरिषदांच्या सभांत आरक्षणे कशी उठतात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरी तेवढ्यावरून नगरपरिषदा बरखास्त करा, त्यांचे नियोजनाचे अधिकार काढून घ्या, असे कोणी म्हणत नाही. कार्यपद्धती सुधारा, असे म्हणतात. तोच न्याय इथेही लावा. वनहक्काच्या बाबतीत सभेला निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, अशी गणपूर्ती नियमांनीच घातली आहे. संयुक्त आराखड्याच्या ठरावालाही तीच अट घाला, आणि आराखडा गोंडी, वारली, कोकणी, भिली अशा त्या त्या भाषेत सभेपुढे मांडणे सक्तीचे करा.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप मात्र आपल्याच बाजूचा आहे. वर्षानुवर्षे चळवळीत असलेली माणसे म्हणतात, सहकार्य हा बलवानाचा शब्द आहे. एका बाजूला वकील, सल्लागार कंपन्या, उपग्रहचित्रे. दुसऱ्या बाजूला ज्यांच्या वनपट्ट्याची मोजणीही अजून नीट झालेली नाही अशी माणसे. अशा टेबलावर बसणे म्हणजे आपल्याच पराभवावर सही करणे. त्यापेक्षा नकाराचा हक्क शाबूत ठेवावा आणि न्यायालयात लढावे. या म्हणण्यामागे फसवणुकीचा प्रदीर्घ अनुभव आहे, त्याला हलके लेखता येत नाही. पण फक्त न्यायालयावर विसंबले तर काय होते, याचा एक जवळचा आणि एक दूरचा दाखला देतो.

जवळचा दाखला डहाणूचा. केंद्राने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि उद्योगांसाठीची एकूण जमीन ५०० एकरांच्या आत बांधून टाकली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. डहाणूची झाडी, चिकूच्या वाड्या आणि खाड्या आज जितक्या शिल्लक आहेत त्याचे मोठे श्रेय या प्राधिकरणाला आहे. पण त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये, धर्माधिकारींच्या निधनानंतर, त्याच वाढवणच्या नव्या प्रस्तावाला ना-हरकत दिली. दोन निर्णयांपैकी कोणता बरोबर, हा वेगळा वाद. मला दिसते ते इतकेच, की पंचवीस वर्षे एका तालुक्याचे भवितव्य एका प्राधिकरणाच्या रचनेवर अवलंबून राहिले आणि त्या काळात गावांचा स्वतःचा, मान्यता असलेला आराखडा तयारच झाला नाही. संरक्षण वरून आले होते, ते वरूनच सैल झाले.

दूरचा दाखला अमेरिकेचा. तिथे १८८७च्या डॉस कायद्याने आदिवासी राष्ट्रांच्या सामाईक जमिनीचे तुकडे करून ते कुटुंबांना वाटले आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली केली. १९३४ पर्यंत सुमारे १३.८ कोटी एकरांतले जेमतेम ४.८ कोटी एकर त्यांच्याकडे राहिले. राखीव प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखे झाले: एक घर आदिवासींचे, शेजारचे बिगरआदिवासीचे. मग या घरात काय बांधायचे ते कोण ठरवणार, आदिवासी सरकार की काउंटी, म्हणजे तिथले जिल्ह्यासारखे स्थानिक शासन? याकामा राष्ट्राच्या बाबतीत हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ मध्ये निकाल लागला तो असा, की राखीव प्रदेशाच्या एका भागात बिगरआदिवासींच्या जमिनीवर आदिवासी सरकारचे नियम चालतील, दुसऱ्या भागात काउंटीचे. न्यायमूर्तींचेही एकमत नव्हते. एकाच खोऱ्यातले पाणी आणि एकाच डोंगराची माती दोन नियमांखाली गेली.

याकामांच्याच वॉशिंग्टन राज्यात, समुद्राकाठच्या स्विनोमिश लोकांनी आणि स्कॅजिट काउंटीने त्याच दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्यातही अधिकारक्षेत्रावरून कडवा वाद होता, तिथेही पट तसाच विस्कटलेला होता. तुझा अधिकार मोठा की माझा, हा मुद्दा त्यांनी सोडवला नाही. तो तसाच ठेवून, कोणाचाही दावा कमी न करता, एकत्र आराखडा करायचा करार केला. दोन्ही बाजूंनी नेमलेल्या सदस्यांचे सल्लागार मंडळ बसले आणि परवानग्यांच्या बाबतीत एकमेकांना कळवण्याची पद्धत ठरली. चळवळीतल्या मित्रांनी यातला एक तपशील नीट पाहावा: स्विनोमिश या टेबलावर बसले ते हात रिकामे ठेवून नव्हे. त्यांचे निवडून दिलेले सिनेट होते, नियोजनाचे स्वतःचे कार्यालय होते, न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला होता. हक्क सोडून सहकार्य करा असे मी म्हणत नाही. हक्क खिशात ठेवूनच सहकार्य होते. संयुक्त नियोजन फिसकटले तर संमती नाकारण्याचा अधिकार ग्रामसभेकडे राहिलाच पाहिजे. तो राहिला तरच समोरचा गंभीरपणे बोलेल.

बिगरआदिवासींचे काय, असाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पालघरच्या अनुसूचित क्षेत्रात बागायतदार आहेत, मच्छीमार आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे दुकानदार आहेत. पण पेसाची ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीतले सगळे मतदार. त्यांत हे सारे येतात. ग्रामसभेला खुर्ची दिली की यांचा आवाज जाईल, ही भीती कायदा न वाचता पसरवली जाते.

खरी पोकळी वेगळीकडेच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. राज्याने २०१४ मध्ये तालुक्याच्या मुख्यालयांना नगरपंचायती करायचे ठरवले. तलासरी, विक्रमगड, मोखाडा, वाडा, तिकडे एटापल्ली, भामरागड, कोरची अशी अनुसूचित क्षेत्रातली गावे त्यात आली. नगरपंचायत झाली की ग्रामसभा राहत नाही, पेसा लागू होत नाही. शहरी भागासाठी पेसासारखा कायदा करायला हवा होता. घटनेनेच नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना थेट लावलेला नाही. त्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले, कायदा मात्र आजही झालेला नाही. म्हणजे ज्या ठिकाणी जमिनीचा भाव सर्वांत वेगाने वाढतो, नेमक्या त्याच ठिकाणी आदिवासींचे स्वशासन संपते. आणि नगरपंचायतीच्या वेशीबाहेर लगेच पेसाचे गाव सुरू होते. नगरपंचायतीचा कचरा कुठे टाकायचा, पाण्याचा उद्भव कुठला, वळणरस्ता कोणाच्या शेतातून, हे सगळे प्रश्न ती वेस ओलांडतात. त्यासाठी दोघांना एकत्र बसवणारी व्यवस्था आज नाही. जिल्हा नियोजन समिती आहे, पण ती पैशाची वाटणी करते, जमिनीची नाही. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून २०१९ मध्ये पालघर तालुका त्यात घेतला, तेव्हा तर नियोजनाचे केंद्र आणखी दूर, थेट वांद्रे-कुर्ला संकुलात गेले.

हे बदलायला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदाने राज्यपालांना असा अधिकार दिला आहे की, राज्याचा किंवा केंद्राचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात फेरबदलांसह लागू करता येतो. महाराष्ट्रात तो अलीकडेच वापरला गेला आहे. २०२० मध्ये राज्यपालांनी वनहक्क कायद्यात फेरबदल करून, जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यांवर अपिलासाठी विभागीय समित्या आणल्या. त्याच अधिकारात १९६६च्या नगररचना अधिनियमाला एक दुरुस्ती जोडता येईल: अनुसूचित क्षेत्रातली कोणतीही प्रादेशिक योजना, विकास आराखडा किंवा विशेष नियोजन प्राधिकरणाची अधिसूचना, संबंधित ग्रामसभांनी निवडलेले प्रतिनिधी निम्म्या संख्येने असलेल्या संयुक्त समितीने तयार केल्याशिवाय प्रसिद्ध होणार नाही. विद्यमान जमीनवापराच्या नोंदीत सामूहिक वनहक्काच्या हद्दी, देवराया, गुरांच्या वाटा आणि पाणवठे आधी चढवले जातील. गावांनी सुचवलेले फेटाळले तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतील.

पैशाचाही प्रश्न सुटण्यासारखा आहे. आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्यातला काही हिस्सा तालुक्याच्या महाग्रामसभेने एकत्र करून स्वतःचा नगररचनाकार आणि मोजणीदार नेमावा. गावाच्या पगारावर काम करणारा माणूस सरकारी नकाशा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. वाढवणच्या पाठीमागच्या गावांत यापुढे जे जे आराखडे निघतील, त्यांच्यापासूनच ही पद्धत सुरू करावी. मुंबईला राज्यपालांच्या कार्यालयात आणि नगरविकास विभागात ही मागणी डहाणू, पालघर, तलासरीच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवली, तर तिला नाही म्हणण्यासाठी सरकारला कारण शोधावे लागेल, आणि ते कारणही लेखी मागावे.